फॅमिलीला चालेल

जगात पूर्णपणे निर्दोष अशी एकही फिल्म अजून निघालेली नाही, असं आमच्या चाचांचं ठाम मत होतं. आणि उद्या चुकून एखादी निघालीच, तर ती निर्दोष आहे हे चाचांनी स्वतः शेवटपर्यंत बसून पाहिल्याशिवाय कुणी मान्य करू नये, असं आम्हा सगळ्यांचं मत होतं. रियाधमध्ये अल मलाझ भागात आम्ही राहायचो, त्या इमारतीतल्या मुलांच्या डोळ्यांसमोर काय यावं आणि काय येऊ नये, यात शेवटचा शब्द चाचांचा. त्या देशात तेव्हा सिनेमाची थिएटरं नव्हती. नाक्यावरच्या दुकानातून व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणायची आणि घरच्या टीव्हीवर बघायची, एवढीच काय ती करमणूक. सरकारी कात्रीतून जे काही वाचून दुकानात आलेलं असे ते आमच्या चाचांच्या हाती पडायचं, आणि मग त्याची खरी परीक्षा सुरू व्हायची.

चाचा माझे नात्यातले कुणी नव्हेत. मी नाशिकचा, ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावचे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तळमजल्यावर आणखी तिघांबरोबर एका खोलीत. नवीन राहायला आलो तेव्हा मी आणि बायको जिन्यातच मराठीत वाद घालत होतो, आपलं इथं कुणाला कळतंय अशा भरवशावर. तेवढ्यात खालून आवाज आला, "वहिनींचं बरोबर हाय." हीच आमची पहिली ओळख. आडदांड देह, मेंदीने लाल केलेली दाढी आणि भाकरीएवढा पंजा. एका पाइप-व्हॉल्व्हच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते. आलेली खोकी उघडायची, माल उलटसुलट करून बघायचा आणि 'ओके' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, हे त्यांचं काम. पण गोदाम बंद झालं तरी ते काम बंद होत नसे. कलिंगड असो, चप्पल असो, नवा शेजारी असो, चाचा एकदा सगळ्या बाजूंनी बघणार आणि निकाल देणार. माझ्याबद्दल त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या देखत बायकोला सांगितलं होतं, "माल ओके हाय वहिनी. फक्त आवाज जास्त करतो."

फिल्मचं खातं त्यांच्याकडे कसं आलं तेही सांगतो. एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी एक हिंदी कॅसेट आणली. दुकानदार शपथेवर म्हणाला होता की एकदम घरगुती आहे. वरच्या मजल्यावरच्या हैदराबादच्या भाभी आपल्या दोन मुलांना घेऊन आल्या होत्या, चाचाही जेवायला होते. अर्धी फिल्म घरगुतीच गेली. मग धबधबा आला. धबधब्याखाली नायिका आली. मी छताकडे बघू लागलो, बायको अचानक पापड आणायला उठली, भाभींनी ओढणीतला धागा शोधायला घेतला. चाचा मात्र एखादी भिंत चालत यावी तसे शांतपणे उठले आणि दोन्ही हात पसरून टीव्हीसमोर उभे राहिले. गाणं संपेपर्यंत राहिले. मागे धबधबा कोसळतोय, नायिका हाका मारतेय, आणि पुढे चाचा आमच्याकडे तोंड करून गंभीर चेहऱ्याने उभे. खरं सांगतो, ते दृश्य नुसतं पाहिलं असतं तर विसरून गेलो असतो. चाचांमुळे ते गाणं मला अजून पाठ आहे.

त्या दिवसापासून प्रत्येक कॅसेट आधी तळमजल्यावर जाऊ लागली. दुपारच्या नमाजानंतर चाचा गादीवर मांडी ठोकत, चहाचा ग्लास उजवीकडे, रिमोट मांडीवर, आणि डावीकडे भिंतीला टेकवून एक उशी ठेवत. ती उशी कुणी घ्यायची नाही. खोलीतला एखादा आडवा झाला तर त्याला उठवत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आमची पोरगी बाजूला बसलीय असं समजायचं आनि बघायचं. मना लाज वाटली तर रिजेक्ट. ती घाबरली तर रिजेक्ट. एवढंच चेकिंग." इतकी सोपी आणि इतकी कडक कसोटी मी आमच्या कंपनीतही कधी पाहिली नव्हती. रिजेक्ट झालेली कॅसेट शनिवारी दुकानात परत करायची असे, तोवर ती खोलीतच राही, आणि त्यामुळे त्यांचे तिन्ही जोडीदार दर गुरुवारी चाचांची मर्जी बिघडावी म्हणून मनोमन प्रार्थना करत.

इंग्रजी कार्टून फिल्मांच्या बाबतीत तर चाचा जास्तच सावध असत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण त्यामुळे त्यांचं काही अडत नसे. गोष्ट ते स्वतःच लावत. एका फिल्ममधला राजपुत्र बुरुजाला दोर लावून राजकन्येच्या खिडकीपर्यंत चढला, तेव्हा चाचांनी कॅसेट थांबवूनच ठेवली. "अंधारात पोरीच्या खिडकीला दोर लावतो, आनि ह्याला हिरो बोलतात? हिच्या घरची माणसं कुठं गेली?" परीच्या बाह्या आखूड म्हणून एक फिल्म महिनाभर अडली. मासे काही न घालता फिरतात हे मात्र त्यांनी चालवून घेतलं, कारण "मासळीला कसली बाही?" जादूगार दिसला की तो मुलीचा मामा आहे असं ते धरून चालत, कारण मामा असल्याशिवाय परका पुरुष तिच्याबरोबर एवढा जंगलातून हिंडेल कशाला? मग सगळं बघून झाल्यावर कॅसेट घेऊन धापा टाकत दोन जिने चढून येत आणि दारातूनच निकाल सांगत: "फॅमिलीला चालेल." हे दोन शब्द ऐकले की आमची मीनू आणि भाभींची मुलं आरडाओरडा करत टीव्हीकडे धावत.

एवढं करूनही चाचांचं समाधान होत नसे. मुलं बघायला बसली की तेही मधोमध बसत आणि जरा शंकेची जागा आली की जवळच्या मुलाच्या डोळ्यांवर आपला पंजा ठेवत. त्यांचं मधलं बोट कधीतरी व्हॉल्व्हमध्ये सापडून वाकडं झालेलं होतं, त्यामुळे कितीही दाबून धरलं तरी बोटांमध्ये चांगली रुंद फट राहायची. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. चाचांच्या शेजारी बसायला मुलांमध्ये मारामाऱ्या का होतात, ते मला मीनूने एकदा कानात सांगितलं. "बाबा, चाचा के हाथ में से एव्हरीथिंग दिखता है." ती इंग्रजी शाळेत पहिलीत होती आणि तिन्ही भाषा एकाच वाक्यात संपवायची.

आता हा 'फॅमिली' शब्द. तिकडे त्याचा अर्थ निराळा. बायको-मुलं बरोबर असतील तो फॅमिलीवाला, आणि नसतील तो बॅचलर. मग त्याला गावाकडे बायको असो, मुलं असोत, नातवंडं असोत. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, नाव नाही, म्हणजे इथं ती माणसं नाहीतच. चाचांच्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नव्हता, त्यामुळे पन्नाशीचे, लाल दाढीचे, एका मुलीचे बाप असलेले आमचे चाचा बॅचलर होते. हॉटेलात जायचं तर आम्ही पडद्याच्या बाजूच्या दारातून, ते पुढच्या. एकदा आम्ही त्यांना जेवायला घेऊन गेलो तर मधल्या प्लायवूडच्या भिंतीला टेकून ते पलीकडे बसले आणि आम्ही अलीकडे, आणि सगळं जेवण आम्ही भिंतीतून गप्पा मारत उरकलं. "वहिनी, कबाब आले?" "आले हो, तुमचे?" "आले. माल ओके." फॅमिलीला काय चालेल हे ठरवणारा आमचा माणूस आयुष्यभर असा भिंतीपलीकडेच बसत आला होता, आणि त्यावर त्याने कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

मग इराकने कुवेत घेतलं आणि सगळंच बदललं. आधी नुसत्या अफवा होत्या, मग लष्करी गाड्या दिसू लागल्या, मग एकेक कुटुंब भारतात जाऊ लागलं. माझी सुट्टी अडकली होती, आणि मला एकट्याला टाकून जाणार नाही असा बायकोचा हट्ट, म्हणून आम्ही राहिलो. जानेवारीत लढाई सुरू झाली, शाळा बंद झाल्या आणि रियाधवर क्षेपणास्त्रं येऊ लागली. सगळ्या कंपन्यांनी आपापल्या माणसांना पिशवीत घालून गॅसचे मास्क दिले. आम्ही आतली खोली निवडली, खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावल्या, दाराच्या फटीत कोंबायला ओले टॉवेल ठेवले आणि मुलांचं मन रमावं म्हणून टीव्हीही तिथेच आणला. या सगळ्यात मला भीती कशाची वाटत होती ते स्पष्टच सांगतो. क्षेपणास्त्राची नव्हे, मीनूची. पहिल्याच सायरनला मी आणि बायकोने मास्क चढवले आणि तिने आमच्याकडे बघून जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. आईबाप नाहीसे होऊन त्यांच्या जागी दोन काचेच्या डोळ्यांची, लांब तोंडाची जनावरं उभी राहिली होती. तिने मास्क लावून घेतला नाही. नंतरही नाही. समजावलं, ओरडलो, चॉकलेट दिलं. मास्क दिसला की ती पलंगाखाली जायची. आज सायरन वाजून काही झालं नाही, पण ज्या दिवशी खरंच विषारी वायू येईल त्या दिवशी आपण मास्कमधून श्वास घेत हिच्याकडे बघत बसायचं का, या विचाराने बायको रोज रडत होती.

चाचांना हे मी जिन्यात सांगितलं. ते दाढी खाजवत राहिले. दोन दिवसांनी ते एक कॅसेट घेऊन वर आले. नाक्यावरचं दुकान अर्धं बंद होतं, तरी मालकाला हाक मारून त्यांनी ती काढायला लावली होती. कार्टूनच होतं. एका गावातला दिवा आकाशातला राक्षस पळवतो आणि एक लहान मुलगी तो परत आणायला धुराच्या दरीतून जाते, अशी गोष्ट. पण त्या दिवशी चाचा नेहमीसारखे दारातून ओरडले नाहीत. आत येऊन चोरट्यासारखे बसले.

"साहेब, मी तीन वेळा बघितली. मना निकाल लागत नाय," ते म्हणाले.

हे ऐकून मी खरोखर घाबरलो. चाचांना निकाल लागत नाही म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

"वरून आग पडते हो," ते म्हणाले. "राक्षस उडत येतो नि आग टाकतो. आधी भोंगा वाजतो, सेम आपल्यासारका. आमची पोरगी घाबरली. तिथंच रिजेक्ट करनार होतो. पन त्या धुराच्या दरीत माणसं ऱ्हातात. सोंडवाली. ही अशी सोंड, नि असे गोल डोळे." त्यांनी तोंडापुढे मूठ धरून दाखवली. "दिसायला भुतं, पन मनाने लई चांगली. पोरीला खांद्यावर घेऊन धुरातनं पार करतात. मी काय बोलतो, मास्क लावल्यावर आपन कोन दिसतो? सोंडवालेच ना?"

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "पण चाचा, आगीला घाबरली तर? आत्ता येते तीही या खोलीत यायची नाही."

"तेच तर," चाचा म्हणाले. "आग डॅमेज हाय, सोंड ओके हाय. आता तुमी सांगा, फॅमिलीला चालेल का?"

त्यांनी हा प्रश्न आम्हाला विचारायची ती पहिलीच वेळ. बायको म्हणाली, "तुम्ही तिच्या शेजारी बसणार असाल तर चालेल."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर भाभी आणि मुलं आली. ही आतली, झोपायची खोली, आणि तिथं बायका बसलेल्या, म्हणून चाचा आत आले नाहीत. दाराच्या बाहेर, उंबऱ्याला लागून बसले, आणि मीनू उंबऱ्यावर त्यांना टेकून बसली. फिल्म सुरू झाली. जादूगार आला तेव्हा चाचा हळूच म्हणाले, "मामा हाय तो." राक्षस आला, आग पडू लागली, मीनूचं अंग ताठ झालं, आणि चाचांचा पंजा तिच्या डोळ्यांवर आला. फटीतून ती सगळं बघत होती हे मला दिसत होतं. पण पंजा होता, म्हणून ती बघू शकत होती. मग धुराची दरी आली, सोंडवाले आले, आणि सगळ्यात थोराड सोंडवाल्याने त्या मुलीला खांद्यावर उचललं. मीनू चाचांच्या हाताखालून म्हणाली, "ही इज नाइस."

बाहेर सूर्य नुकताच मावळला होता. आणि भोंगा वाजला. आधी वाटलं फिल्ममधलाच आहे. मग भाभी उठल्या, मुलांना ओढलं, मी टॉवेल घेऊन दाराकडे धावलो. चाचा उठून उभे राहिले होते आणि जिन्याकडे निघाले होते.

"अहो, कुठे निघालात?" बायको ओरडली.

"खाली जातो वहिनी. आत फॅमिली हाय."

"यल्ला, आत या आधी!" बायको कधी अरबी बोलत नसे, तेव्हा बोलली. "दार लावायचंय. तुम्ही काय बाहेरचे आहात?"

चाचा उंबऱ्यावर क्षणभर घुटमळले. मग चपला नीट जोडून बाहेर काढल्या, त्या घाईतसुद्धा, आणि आत आले. मी दार लावलं. मीनू पलंगाकडे सरकू लागली होती. चाचांनी आपल्या पिशवीतला मास्क काढला आणि तोंडावर चढवला. दाढीमुळे तो धड बसत नव्हता. खालून लाल केस बाहेर आले होते. मग आतून घुमल्यासारखा आवाज आला. "मीनू बेटा, सोंड ओके?"

मीनू त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ वाकडे झाले, आता रडणार असं मला वाटलं, आणि ती फसकन हसली. "चाचा, युवर दाढी इज कमिंग आउट!" मग तिने एक अट घातली. मास्क घालीन, पण डोळ्यांवर हात पाहिजे. त्या संध्याकाळी आमची मुलगी मास्क लावून चाचांच्या मांडीवर बसली आणि चाचांनी तिच्या मास्कच्या काचांवर आपला पंजा धरला. सायरन बंद होऊन सगळं ठीक असल्याचा भोंगा वाजेपर्यंत धरला. बायको माझ्या शेजारी मास्कच्या आत रडत होती, पण या वेळी मला तिची काळजी वाटली नाही.

मास्क उतरवल्यावर मीनूने विचारलं, "चाचा, तुम्हाला बेटी है ना? किती मोठी?"

"सात वर्षांची," चाचा म्हणाले.

बायकोला राहवलं नाही. "अहो, असं काय करता? तिचं लग्न ठरतंय म्हणालात ना परवा?"

चाचा मास्क पिशवीत घालत होते. घालता घालता थांबले. "लग्न ठरलंय ती हाय गावाला," ते म्हणाले. "मी इकडे आलो तवा ती सातची होती. आमी बाजूबाजूला बसून फिल्म बघितली ती तवाच शेवटची. नंतर सुट्टीवर गेलो की ती घरात काम करताना दिसते, सलाम करते, चहा देते. बाजूला येऊन बसत नाय. बाजूला बसते ती सातचीच." आणि मग जणू काही फारच बोलून गेलो अशा घाईने चपला घालून खाली गेले.

लढाई संपली, चिकटपट्ट्या निघाल्या, काचांवर त्यांचे डाग राहिले. उन्हाळ्यात चाचा मुलीच्या लग्नाला गावी गेले. जाताना दुकानदाराच्या मागे लागून ती फिल्म विकतच घेऊन गेले. परत आले ते लग्नाचे लाडू घेऊन. बायकोने विचारलं, "दाखवली का तिला?" तेव्हा त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो.

"हळदीच्या आदल्या दिवशी लावली. घर पोरींनी भरलेलं. ती मधी बसलेली. मी बोललो, जरा सरक, नि बसलो बाजूला. राक्षस आला. माझा हात गेला हो आपोआप तिच्या डोळ्यांवर! एवढी लग्नाची पोरगी, सगळ्या हसायला लागल्या. ती बोलली, 'अब्बा, तुमच्या बोटांतनं सगळं दिसतंय.' मना शरम वाटली. एवढी वरसं कुनी बोललं नाय. हात काढायला गेलो तर तिनं धरून ठेवला. बोलली, 'ऱ्हाऊ दे.'"

त्या गुरुवारी मी नवी कॅसेट घेऊन तळमजल्यावर गेलो. चाचा गादीवर बसले होते, चहा उजवीकडे होता, पण डावीकडची उशी नव्हती. ती डोक्याखाली घेऊन त्यांचा जोडीदार झोपला होता आणि चाचांनी त्याला उठवलं नव्हतं. मी कॅसेट पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मला परत दिली.

"वरच लावा तुमच्याकडे," ते म्हणाले. "मी येतो. मीनूला बाजूला बसवून चेक करू. आमची आता मोठी झाली."